दहीभाताबरोबर ठेवलेलं युकुलेले

चहाचा कप आधी खाली ठेवा बरं. हो, खालीच. कारण मी आता जे सांगणार आहे ना, ते ऐकताना आधी तुमच्या अंगावर काटा येणार आणि मग तुम्ही मला हसणार. दोन्ही वेळा चहा सांडायची शक्यता आहे, आणि आमच्या सोफ्याचं कव्हर नवीन आहे.

तर, मी एकदा घरी भूत आणलं होतं. एसटीने. राजूरहून नगरला!

खोटं वाटतंय? ऐका तर.

सुरुवात युकुलेलेपासून झाली. युकुलेले म्हणजे गिटारसारखंच, पण चार तारांचं आणि काखेत मावेल एवढं. माझ्या ऑफिसातली तरन्नुम ते इतकं गोड वाजवते, की डब्याच्या सुट्टीत तिने ते नुसतं मांडीवर घेतलं तरी सगळे चावायचे थांबतात. मला वाटलं, एवढंसं तर आहे, आपल्यालाही येईल की! मोबाईलवर शोधलं आणि जे पहिलं आवडलं ते मागवलं. का आवडलं? तर ते निळं होतं आणि त्याच्यावर डॉल्फिन होता.

आता मला सांगा, डॉल्फिन बघून कोणी वाद्य घेतं का? मी घेतलं.

ते वाजायचं कसं, तर पत्र्याच्या डब्यात चणे घालून कोणीतरी धावत जिना उतरतंय, तसं. खुंट्या पिळून सूर लावावा, तर अर्धं गाणं होईस्तोवर तारा परत ढिल्या. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या कडा बोटांना अशा टोचायच्या, की वाजवल्यावर मी भाजीसुद्धा चिरू शकायचे नाही. (ते एक बरं होतं.)

आमचे पप्पा कोर्टात नोकरीला आहेत. न्यायाधीश वगैरे नाहीत हो, कारकून आहेत. पण घरात येताना कोर्ट बरोबर घेऊन येतात.

"ऋतू, ही गिटार धुताना आटली का गं?"

"पप्पा, युकुलेले आहे ते."

"असेल. पण त्याला कुठं दुखतंय ते विचार आधी."

"वाद्यच हलकं आहे! प्लायवूडचं आहे. चांगलं असतं ना, तर बघितलं असतं तुम्ही."

"आरोपी नेहमी हत्यारावरच ढकलतो," पप्पा म्हणाले. "ठीक आहे. आण चांगलं. मी स्वतः समोर बसून ऐकेन. दोष वाद्याचा निघाला, तर तू पाहुण्यांसमोरसुद्धा वाजव, मी पाहुण्यांना कडी लावून आत बसवेन. पण दोष तुझा निघाला, तर हा नाद कायमचा बंद. मान्य?"

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मान्य कर गं! कान दुखतात माझे!"

मी मान्य केलं. म्हणजे बघा, माझी अख्खी अब्रू त्या एका खरेदीवर आली!

तरन्नुमने मला नीट शिकवून ठेवलं. "ऐक. रंग बघायचा नाही, चित्र बघायचं नाही. मधलं गोल भोक असतं ना, त्याची कड बघ. तिथं थर दिसले, वेफर बिस्किटासारखे, तर प्लायवूड. लाकडाची रेघ वरून आतपर्यंत सलग गेलेली दिसली, तर अख्खं लाकूड. मानेवरून बोट फिरव, टोचता कामा नये. खुंटी पिळली की जागेवर राहिली पाहिजे. आणि टिचकी मार, आवाज लांबला पाहिजे. लगेच मेला तर सोडून दे."

तसलं नवीन बघायला गेले आणि किमती वाचून मोबाईल उलटा ठेवला. मग जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळत बसले. आणि तिथं ते दिसलं.

पांढऱ्या भिंतीवर लाकडी खुंटीला टांगलेलं, काळपट तपकिरी. फोटोत बाकी काही नाही. खाली एकच ओळ – 'चांगल्या घरी द्यायचे आहे.'

युकुलेले होतं की मांजराचं पिल्लू? तिथंच शंका यायला हवी होती ना मला? नाही आली. पत्ता राजूरचा, तालुका अकोले. रविवारी सकाळी निघाले मी.

अकोल्यापर्यंत सगळं ठीक होतं. तिथून पुढची एसटी पकडली आणि जरा वेळाने खिडकीबाहेरचं जगच पुसलं गेलं. श्रावणातलं धुकं हो! आम्हा नगरकरांना धुळीची सवय, धुक्याची नाही. रस्ता नाही, झाड नाही, डोंगर नाही. नुसतं पांढरं. ड्रायव्हर कशाच्या भरवशावर गाडी चालवत होता देव जाणे. मधेच गाडी थांबायची. एखादा माणूस गुपचूप उतरायचा, दोन पावलं टाकायचा आणि नसायचाच. तिथं घर नाही, फाटा नाही, काही नाही. गेला कुठं? असं एकेक करत सगळी बस रिकामी झाली. राजूरला उतरले तेव्हा मी, कंडक्टर आणि तो ड्रायव्हर एवढेच उरलो होतो.

बाजाराचा दिवस नव्हता. चौथऱ्यांवर ताडपत्र्या गुंडाळून ठेवलेल्या. विचारत विचारत गावाच्या टोकाशी गेले. पत्र्याचं घर, दार सताड उघडं, आत अंधार.

मी दारातून हाक मारली, "मावशीऽऽ? आहे का कोणी?"

आतून आवाज आला. "म्म्म्म्…"

आता हे 'म्म्म्म्' मी तुम्हाला तोंडाने करून दाखवते आहे, पण तो तोंडाचा आवाज नव्हता. माणसाचाच नव्हता. बारीक, लांब, कुठून येतोय ते न कळणारा. आणि गंमत म्हणजे – तेव्हा नव्हती हो वाटली गंमत – तो बरोबर माझ्याच सुरात होता.

मी परत हाक मारली. जरा घाबरत. "मावशीऽऽ?"

"म्म्म्म्…"

"आत न्हाई कुनी. मी हितं हाय."

मी एवढ्या मोठ्याने किंचाळले, की आतलंही किंचाळलं! पाठीमागे एक म्हातारी उभी होती. डोक्यावरून घोंगडी, हातात विळा, आणि विळ्याबरोबर गवताचा भारा होता हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"मावशी, मग आत कोण बोललं?"

"ते व्हय? ज्याच्यापाई तू आलीस, त्येच."

मावशी आत गेल्या, मी चौकटीला धरून उभी राहिले. त्यांचे मालक बोटीवर स्वयंपाकी होते म्हणे. सगळं आयुष्य समुद्रावर काढलं आणि शेवटी या डोंगरात परत आले ते हे एवढंसं वाद्य घेऊन. कुठल्या बंदरावर घेतलं ते मावशींना ठाऊक नव्हतं.

"रोज दिवेलागनीला वट्यावर बसून वाजवायचे. ते वारले, तवापून कुनी हात लावला न्हाई त्याला. पन मी घरात बोलले का ते हुं म्हनतं."

"हुं म्हणतं?"

"म्हनतं की. आत्ता ऐकलंस न्हव? मला सोबत व्हायची. आता पोराकडं नाशिकला जायाचं ऱ्हायला, आन् सून भिती. म्हनून द्यायचं."

सून भिती! ती सून न बघताच मला एकदम शहाणी वाटायला लागली. मी खरं तर तेव्हाच पळायचं. पण मावशींनी ते खुंटीवरून काढून माझ्या हातात दिलं ना, आणि मी भोकाची कड बघितली. रेघ सलग! वरून आतपर्यंत! मानेवरून बोट फिरवलं, साय असावी तसं. खुंटी पिळली, जागच्या जागी. टिचकी मारली, कान लावला, परत टिचकी मारली.

"कलिंगड हाय व्हय ते?" मावशी म्हणाल्या.

आवाज लांबला. खूप लांबला. धुक्यात कुठंतरी जाऊन बसला आणि तिथून मला बघायला लागला असं वाटलं. एका बाजूला भीती, एका बाजूला पप्पा. मी पप्पांना जास्त घाबरले आणि ते घेतलं.

निघताना मावशींनी माझ्या पिशवीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जपून ऱ्हावा वो. पोर नवी हाय."

माझ्याशी नाही बोलल्या. पिशवीशी.

परतीच्या एसटीत पिशवी मांडीवर. मागच्या सीटवर एक बाळ रडायला लागलं, आणि पिशवी त्याच्याबरोबर कण्हायला लागली. शेजारची बाई आधी पिशवीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"काय हाय त्यात?"

"वाद्य आहे."

"वाजवलं कुनी?"

"कोणी नाही."

बाई उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. एसटीत मिळालेली खिडकीची जागा सोडून! आपल्या जिल्ह्यात हे कोणी कधी केलंय? यावरूनच समजा.

घरी आले तर संध्याकाळ झालेली. हॉलच्या भिंतीवर डॉल्फिनशेजारी खिळ्याला ते अडकवलं. पप्पांची सुनावणी पुढच्या रविवारी ठरली, म्हणजे मला आठवडाभर सराव करता येईल. मी हातपाय धुवायला गेले. आईने आतल्या खोलीत देवासमोर दिवा लावला आणि रोजच्यासारखी, तिच्या त्या लांबलचक सुरात, देवाची नावं म्हणायला लागली.

आणि हॉलमधून साथ आली. "म्म्म्म्…"

आई थांबली. ते थांबलं नाही. जरा वेळ तसंच चालू राहिलं आणि मग हळूहळू विझलं, कोणीतरी श्वास सोडल्यासारखं.

"ऋतू, तू कण्हलीस का गं?"

"नाही."

"अहो, तुम्ही?"

"मी पेपर वाचतोय," पप्पा म्हणाले. पण पेपर उलटा होता.

मग मला राजूरचं सगळं सांगावं लागलं. मालक वारले ते, दिवेलागणीला वाजवायचे ते, हुं म्हणतं ते. सांगता सांगता मलाच हुडहुडी भरली. आई भिंतीपासून लांब सरकली. पप्पा मात्र उठले, शर्ट खाली ओढला आणि युकुलेलेसमोर जाऊन उभे राहिले.

"ऐकीव गोष्टीवर मी विश्वास ठेवत नाही. पुरावा लागतो."

त्यांनी त्याला पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचून दाखवला. काही नाही. शेजारच्या फ्लॅटवाल्यांना पार्किंगवरून देतात त्या शिव्या देऊन बघितल्या. काही नाही. मग एक जुनं गाणं म्हटलं. त्यावर तर मेलेलाही उठला असता, पण ते ढिम्म.

"झालं समाधान? काही भूतबीत नाही. आता तू म्हण गं देवाचं."

आईने पदर डोक्यावर घेतला. देवाचं पहिलंच नाव घेतलं…

"म्म्म्म्म्म्…"

पप्पांचा रंग उतरला. "शिव्यांना घाबरत नाही," ते हळूच म्हणाले, "देवाच्या नावानं कण्हतंय."

आणि शेजारी तो डॉल्फिन! चूप, शांत. आई त्याच्याकडे बोट दाखवून रडवेली झाली. "बघ की तुझं आधीचं किती गुणी होतं! कधी तोंडातून शब्द काढला नाही बिचाऱ्याने!"

त्या रात्री आम्ही तिघं एका खोलीत झोपलो. सकाळी मी मोबाईलवर व्हिडिओ काढला. आई देवासमोर, हॉलमध्ये कोणी नाही, आणि भिंतीवरचं ते वाद्य कण्हतंय. म्हटलं, पुरावा असावा. पप्पांच्या शब्दाचा परिणाम, दुसरं काय. सराव? हात लावायची हिंमत होती कुणाची! तारेखाली बोट घालायचं आणि दुसऱ्या बाजूने आणखी कुणाचं बोट लागलं तर?

आणि त्या दिवशी नेमकी अमावस्या. आईला निर्णय घ्यायला तेवढं पुरे झालं.

"उतारा टाकायचा," ती म्हणाली. पत्रावळीवर दहीभात, त्यावर हळदकुंकू लावलेलं लिंबू. ते माझ्यावरून ओवाळलं, पप्पांवरून ओवाळलं, युकुलेलेवरून ओवाळलं. "हे तिठ्यावर ठेवून यायचं. बरोबर ते पण."

"ते पण? आई, अख्ख्या लाकडाचं आहे गं!"

"अख्खंच भूत आहे ते!"

पप्पांकडे बघितलं. म्हटलं हे तरी काही बोलतील. ते हेल्मेट घालत होते. "मी मानत नाही हे सगळं," म्हणाले. "पण अपिलाची मुदत टळून गेली म्हणजे पंचाईत होते. बस मागे."

आम्ही सावेडीत राहतो. सोसायटीच्या मागे जरा पुढे गेलं, की मोकळ्या प्लॉटांमधून तीन रस्ते एकत्र येतात. तिन्हीसांजेला तिथं तसंही कोणी रेंगाळत नाही. भुरभुर पाऊस, त्यात वीज गेलेली. पप्पांनी पत्रावळ ठेवली, मी शेजारी युकुलेले ठेवलं. तसंच, उघडं. नियम असा, की परतताना मागे बघायचं नाही आणि बोलायचं नाही. आम्ही वळलो. पप्पांनी गाडीला किक मारली आणि पाठीमागून, त्या गाडीच्या आवाजाबरोबर, अगदी बारीक…

नाही, मी मागे बघितलं नाही. पण माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. भीतीचं की दुःखाचं, विचारू नका.

घरी आल्याबरोबर आईने बजावलं, "डोक्यावरून आंघोळ कर, मगच घरात फिर." मेणबत्तीच्या उजेडात आंघोळ केली. हाताला लागला तो आईचा पांढरा गाऊन घातला. ओले केस तसेच मोकळे. बसले गुडघ्यात तोंड घालून. तेवढ्यात तरन्नुमचा मेसेज – 'नवं युकुलेले घेतलंस ना? आवाज तरी ऐकव!'

मी तो सकाळचा व्हिडिओ पाठवून दिला. खाली लिहिलं, 'हे बघ काय घेतलंय मी.'

लगेच फोन वाजला. "ऋतू! या अल्ला, काय नशीब आहे तुझं!"

"हो ना गं," मी हुंदका दिला. "फुटकं."

"फुटकं? अगं किती सुंदर बोलतंय ते!"

"तेच तर! बोलतंय!"

"मग बोलणारच ना, येडे! चांगलं लाकूड पातळ असतं, सुकलेलं असतं. समोरून त्याच्या तारेच्या सुरातला आवाज आला, की तार आपोआप थरथरते. रिकाम्या हंड्यात तोंड घालून ओरडली नाहीस का कधी? तुझ्या आईचा सूर नेमका तारेवर बसतोय. लोक असलं वाद्य शोधत फिरतात!"

"पण पप्पांनी म्हटलं तेव्हा गप्प बसलं ते."

"पप्पांचा आवाज कसा आहे?"

"जाड. आणि… सुरात नाही."

"मग त्याने काय करायचं बिचाऱ्याने?"

"आणि डॉल्फिनवालं? ते का नाही बोलत?"

"ते प्लायवूड गं! ते मेलेलंच आहे! भूत म्हणायचं तर त्याला म्हण!"

म्हणजे जिवंत होतं ते मी टाकून आले, आणि जे मेलं होतं त्याचं कालपासून आई कौतुक करत होती!

"बरं, आहे कुठं ते आत्ता? वाजवून दाखव."

"तिठ्यावर आहे."

"कुणाबरोबर?"

"दहीभाताबरोबर."

पलीकडून तरन्नुम किंचाळली.

मी तशीच निघाले. गाऊन तसाच, केस तसेच. पायात चप्पल होती का? आठवत नाही, पण चिखल होता. आई मागून ओरडत होती, "टाकलेलं परत आणायचं नसतं गं!" मी सुसाट. वीज अजून गेलेलीच. पोहोचले तर एक कुत्रं दहीभात खात होतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि दहीभात सोडून शेपूट घालून पळालं. तेव्हा मला वाटलं, काय समजूतदार कुत्रं आहे!

युकुलेले जागेवर होतं. कोण हात लावणार? उताऱ्याला हात लावायची कुणाची टाप आहे? जिल्ह्यात त्या वेळी एवढी सुरक्षित दुसरी वस्तू नसेल. पण पाऊस लागला होता. फुगलं का? तडकलं का? अंधारात दिसेना. मग एकच उपाय – वाजवून बघायचं. बाजूला पुलाचा कठडा होता, त्यावर बसले, गाऊनने तारा पुसल्या आणि छेडलं.

अहो, काय आवाज! मी हसायला लागले. एकटीच, मोठ्याने. मी एक सूर गायले, त्याने उत्तर दिलं. मी आणखी वर गेले, ते माझ्याबरोबर वर आलं. मग मला राहवेना. मला येतं ते एकुलतं एक गाणं मी पूर्ण वाजवलं, गळा सोडून गायले, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

आणि मान वर केली तर काय! रस्त्याच्या पलीकडे माणसं थांबलेली! दुचाक्यांचे दिवे बंद, एका रिक्षाचा तेवढा चालू, सगळे एका जागी, चिडीचूप. कोणी हलत नाही, खोकत नाही. एका आजोबांनी तर हात जोडलेले! माझे पहिले श्रोते! मी उठून त्यांना वाकून नमस्कार केला, आणि म्हटलं एवढे थांबलेत तर आणखी एकदा. परत सुरू केलं. संपवलं तेव्हा बघते तर सगळे निघून गेलेले. घाईत असतील, म्हटलं. एकाची चप्पलही तिथंच राहिली होती.

घरी गेले ती छाती फुगवून. "पप्पा! तरन्नुम म्हणते वाद्य अस्सल आहे. आणि सुनावणीची गरजच नाही. आत्ता रस्त्यावर लोक गाड्या थांबवून ऐकत होते मला! हात जोडून!"

पप्पांनी तरन्नुमला फोन करून सगळं दोनदा विचारून घेतलं. "तिऱ्हाईत साक्षीदार आहेत म्हणतेस, तर प्रश्नच मिटला," म्हणाले. "दोष वाद्याचा होता. मान्य." पप्पांच्या तोंडून मान्य! मी तो शब्द झोपताना उशाशी घेतला. त्यानंतर रोज संध्याकाळी हॉलमध्ये माझा कार्यक्रम. पप्पा समोर बसायचे, दिलेल्या शब्दाला जागून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. चेहरा जरा ओढल्यासारखा दिसायचा, पण मी म्हटलं, गहिवरत असतील.

मग गेल्या आठवड्यात पप्पांची गाडी बिघडली. आम्ही दोघं स्टँडवरून रिक्षाने घरी येत होतो. मोकळे प्लॉट यायच्या आधीच रिक्षावाल्याने रिक्षा दुसरीकडे वळवली.

"अहो, सरळ घ्या ना," पप्पा म्हणाले. "तिठ्यावरून जवळ पडतं."

"तिकडून न्हाई सायेब. तिथं बाई बसती."

"कोण बाई?"

"आता काय नाव घ्यायचं दिवेलागनीला? मी सोत्ता बघितलीय, आमुशाला. पांढरा गाऊन, केस मोकळे, पायाला चिखल. हातात असलं येवढंसं तुनतुनं. उतारा घ्यायला आल्ती. कुत्रं लांबूनच पळालं बघा."

पप्पांनी हळूच माझ्याकडे बघितलं. मी बाहेर बघायला लागले.

"मग," पप्पा घसा खाकरून म्हणाले, "तुम्ही घाबरून पळालात?"

"न्हाई सायेब! खोटं कशाला बोलू? आमी लई जन हुतो. आमी हुबे ऱ्हायलो. भुताचं काय भ्यायचं? दिसायला तर गरीब वाटत हुती बिचारी. एकली बसून हसत हुती. आमच्यातल्या म्हाताऱ्यानं हात जोडले, हळूच म्हनला, बाई, काय इच्छा ऱ्हायली आसंल ती सांग, पुरी करू."

"मग?"

"मग तिनं वाजवाया घेतलं."

"आणि?"

"एकदा ऐकलं सायेब, दम धरून. म्हनलं आता जाईल. तर तिनं नमस्कार केला आन् परत सुरू केलं! मग कोन थांबतंय वो? मी तर चप्पल बी न्हाई घेतली."

रिक्षावाल्याला मग राहवलं नाही. मान हलवत, अगदी कळवळून म्हणाला, "जित्ती आसताना बी आसंच वाजवत आसंल. घरच्यांनी कसे दिस काढले आसतील, देवाला ठावं!"

पप्पांनी एक लांब श्वास सोडला.

"काढतोय हो," म्हणाले. "काढतोय."